मासा की मासोळी

घणसोली, सेक्टर सात, रात्रीचे सव्वाबारा.
एका चिनी चित्रपटाला मराठी सबटायटल लावायचं काम,
मिनिटाला साठ रुपये,
सोमवारी वागळे इस्टेटच्या स्टुडिओत फाइल हवी.

गोष्ट सरोवरातल्या एका माशाची.
मासा की मासोळी, इथूनच माझी रखडपट्टी.
नऊशे वर्षं पाण्याखाली जागं राहून
माणूस झालेलं ते काहीतरी
चढाईच्या दिवशी मिशी कोरून घोड्यावर बसतं,
दिवे लागले की केसांत चांदीची काडी खोचतं,
आणि सेनापती दोन्ही वेळा तसाच बघतो,
तहान लागल्यासारखा.

चिनीत अडत नाही. तो म्हणा, ती म्हणा,
कानाला एकच : ता.
तबल्याचा बोल वाटावा असा.
माझी भाषा मात्र गेटवरच वही उघडून बसलेली,
सोसायटीच्या वॉचमनसारखी :
आला? आली?
सांगितल्याशिवाय आत सोडत नाही.
"आलं" लिहून पाहिलं, तर हर्डीकर मॅडमचा मेसेज :
कुत्र्याचं पिल्लू आहे का ते? एक काहीतरी ठरवा.
(लेकरूही आलंच असतं, मॅडम.)

मग पळवाटा.
"मी तलवार उपसली."
क्रियापद तलवारीचं, माशाचं नव्हे.
"मी दिवा विझवला."
दिव्याआड लपता येतं.
सकर्मक भूतकाळ फार दयाळू,
हातात एखादी वस्तू असली की तुम्हाला कुणी विचारत नाही.
पण शेवटून तिसऱ्या दृश्यात हात रिकामे,
बर्फ पडतोय,
आणि ते सेनापतीला म्हणतं : मी निघा
लो.
ले.
कर्सर लुकलुकतोय.

आई पाणी प्यायला उठली.
कागलहून लग्न होऊन आली तेव्हा
"मी बाजारात जातो", "मी भाकरी थापतो" म्हणायची,
तिकडच्या सगळ्या बायकांसारखी.
इथे नळावर हसले लोक :
काय हो, मिशी गावाकडं विसरलात?
आठवड्यात आईने स्वतःला दुरुस्त करून घेतलं.
जाते. थापते. येते.
तीस वर्षं एकही चूक नाही.

स्क्रीनकडे बघत म्हणाली, हे कोण, बाई का बाप्या?
"दोन्ही."
"आणि त्या घोडेवाल्याला काय आवडतं?"
"ते."
"मग झालं की," म्हणाली,
ग्लास ओट्यावर पालथा घातला.
"जातो मी झोपायला. तूही आवर, बाळा."

जातो.
तिला कळलंही नसेल.
किंवा असेल.

ठाणे-बेलापूर रस्त्यावरून एक कंटेनर गेला, खिडकी थरथरली.
लो आणि ले, दोन्ही पुसून लिहिलं :
"मी परत येईन."
येईनला कसलंच लिंग नाही,
आणि आपल्यात निघताना येण्याचंच बोलायचं असतं.
मूळ संवादात परतण्याचा शब्दही नाही.
मॅडम पकडतील.
पकडू देत.