बद्द

पुलाला हातोडीनं विचारायचं असतं.
एवढंच आमचं खातं. कुताइसीत, तिसऱ्या मजल्यावर,
लिफ्ट नाही, पाच हातोड्या, एक शिडी,
आणि रिओनी नदीवरचे, तिच्या पोरीबाळींवरचे
एकशे बारा पूल.

काँक्रीट धडधाकट असेल तर खणकन बोलतं.
आतून सुटलं असेल तर बद्द.
मधले आवाज पुष्कळ आहेत,
आणि पगार त्या मधल्यांचा मिळतो.

बाचो आला तेव्हा त्याच्या बुटांना अजून दुकानाचा वास होता.
ठोकायचा, आणि माझ्या तोंडाकडे बघायचा.
"बद्द, कल्बातोनो लामारा?"
मी म्हणायची, बद्द.
"आणि हे?" मी म्हणायची, चालेल.
तीन वर्षं त्यानं पुलाकडे पाहिलंच नाही,
माझ्या भुवया वाचल्या.
खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.
रात्री अकराला फोन वाजायचा,
नवरा म्हणायचा, घे, तुझा पूल आला.
मी उठून बसायची, राणीसारखी.

मग मार्चमध्ये गळ्यात गाठ निघाली.
काढली. साधीच होती.
डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे चकार शब्द नाही,
कुजबुजसुद्धा नाही.

बाचोनं वही आणली, पेन दोरीनं बांधून.
त्यानं ठोकलं, वळून पाहिलं.
मी पेन उघडलं. थंडीनं शाई चालेना.
खाली नदी, बर्फाच्या पाण्यानं गढूळ, आपल्याच गडबडीत.
तो थांबला. मीही.
इतका वेळ आम्ही कधीच गप्प उभे राहिलो नव्हतो.
शेवटी त्यानंच पुन्हा ठोकलं,
मग कान टेकवला. मग वीतभर सरकून, पुन्हा.

दुसऱ्या दिवशी पेन चालत होतं.
मी ते खिशातच ठेवलं.

हे शहाणपण नव्हतं. सांगून ठेवते,
कारण आता ऑफिसात त्याची गोष्ट झालीये.
मला राग आला होता.
माझ्यावाचून अडत नाही, हे
रोज फुकट बघायला मिळत होतं.
आणि तो चुकायचाही.
एक चांगला खांब त्यानं खडूनं लाल करून टाकला,
तेव्हा माझी जीभ दातांआड
साखळीला हिसके देत होती.
आठ दिवसांनी स्वतःच पुसायला गेला,
ओल्या फडक्यानं. का, ते मी विचारलं नाही;
विचारता येत नव्हतं.

पाचव्या आठवड्यात पूल क्रमांक चौदा.
राचाच्या वाटेवरचा. मी अकरा वर्षं पास केलेला.
बाचोनं अर्धा तास एकाच कोपऱ्यात काढला,
शिडीवर, गालाला सिमेंट.
उतरून म्हणाला, "बंद करतोय."
विचारलं नाही. म्हणाला.

पावाच्या गाडीवाल्यानं त्याची आई काढली.
गुरांचा ट्रक हंबरतच उलटा फिरला.
मी शिडी चढले, हातोडी घेतली.
खण. खण.
मला तरी खणच.
बाचो खालून म्हणाला, "आणखी डावीकडे. हळू मारा."
हळू मारलं.
काहीतरी होतं, किंवा नव्हतं.
बासष्टाव्या वर्षी कान वरच्या काही पट्ट्या
न सांगता सोडून देतात.

वहीत लिहिलं: मला ऐकू येत नाही.
त्यानं वाचलं. पुलाकडे बघितलं, माझ्याकडे नाही.
"मला येतंय," म्हणाला,
आणि अडथळे मांडायला गेला.

संध्याकाळी फॉर्म आला. निरीक्षक: बाचो केकेलिया.
खाली माझी जागा.
आजवर तिथे मी 'तपासले' लिहीत आले.
बराच वेळ पेन धरून बसले.
'पाहिले' लिहिलं.

भोक पाडून नमुना काढणारी माणसं
सोमवारी यायची आहेत.
नवरा विचारतो, पोरगा बरोबर असेल का गं?
मी वही ओढते, मग तशीच ठेवते.
अकरा वाजून गेले.
फोन वाजला नाही.