हामूर

बेलापूरला, तिसऱ्या मजल्यावर, खिडकी नंबर सात.
प्रकल्पग्रस्त दाखल्याचा अर्ज.
आडनाव लिहिलं, मढवी. ढ नीट काढून.
मस्कतच्या शाळेत हा ढ कुणालाच पेलला नाही,
हजेरीच्या वहीत मी बारा वर्षं मदावी होते
आणि त्याच नावाला ओ देत होते.

जन्मस्थानाच्या रकान्यावर साहेबांचं पेन थांबलं.
"मस्कत? मग जमीन गेली ती कुणाची?"

आजोबांची. घणसोली. एकतीस गुंठे भात
आणि बांधावर भेंडीचं एक झाड.
बाबांनी व्हिडिओ कॉलवर बोट दाखवलं होतं,
ती काचेची इमारत दिसतंय ना, तिथं.
मग म्हणाले, नाय, जरा डावीकडं.
मग बराच वेळ काही नाही.
त्या इमारतीत मी नोकरी करते, सातव्या मजल्यावर,
म्हणजे शेताच्या वर कुठंतरी, किंवा जरा उजवीकडं.

जमीन गेली तेव्हा बाबा एकोणीस वर्षांचे.
पुढची तीस वर्षं टगबोटीच्या इंजिनात हात काळे केले
आणि घरात एकच भाषा बोलले.
मला वाटायचं, हेच मराठी.
इथं आल्यावर पहिल्याच दिवशी कँटीनमध्ये म्हटलं,
मना भूक लागली.
पुण्याची एकजण हसली, वाईट नाही, गोड हसली.
माझा सख्खा चुलतभाऊ मात्र जिन्यात गाठून म्हणाला,
चारचौघांत असं नको बोलू, प्लीज.
तो घणसोलीतच वाढलाय.
मनाचं मला करायला मला दोन महिने लागले.
एका अक्षराला.

टीममधला कुणी म्हणाला, खाडीत फ्लेमिंगो येतात ना,
तुझं तसंच आहे.
नाही. ते थव्यानं येतात.

एक वाजला. खिडकी बंद, जेवणाची सुट्टी.
मी चालत दिवाळ्याच्या बाजारात गेले.
तिथं बर्फावर तो पडला होता,
तपकिरी, ठिपक्यांचा, तोंड वाकडं करून,
शुक्रवारी आई पातेलंभर शिजवायची, तोच.
तोंडातून निघून गेलं, "हामूर कसा दिला?"
"काय?"
"हा."
"यो गोब्रा हाय." कोयता खाली ठेवून तिनं मला नीट पाहिलं.
"कोनाची गो तू?"

हा प्रश्न खिडकी नंबर सातवरही होता,
फक्त तिथं त्याला चार रकाने होते.
मी म्हटलं, घनसोलीच्या बालारामाची पोर.
मना येचं नाव म्हायती नाय.

ती हसली नाही.
बोटानं माशाचा गाल उचलून म्हणाली,
"नाव कायपन घे. कल्लं बघ."
आत लालभडक.
मग पिशवी बांधताना, माझ्याकडं न बघता,
"माजे आयशीवानी बोलतंस."
आणि वजनात डोकं धरलंच. एक रुपया कमी केला नाही.

अडीचला खिडकी उघडली. पिशवी पायाशी.
साहेबांनी नाक ओढलं, "काय घेतलंत?"
मी दोन्ही नावं सांगितली.
ते माशांबद्दल जरा बोलले, त्यांची बायको रत्नागिरीची,
मग अर्जावर लाल पेनानं लिहिलं, अपूर्ण.
वडिलांचा जन्मदाखला जोडणे.
पुढचा मंगळवार.

संध्याकाळी ओट्यावर खवले उडत होते.
कोपरानं फोन स्पीकरवर टाकला.
बाबा, तुमचा जन्मदाखला कुठं ठेवलाय?
पलीकडं मत्रा बंदराचा भोंगा वाजून संपला.
ते म्हणाले, त्यो बघू नंतर.
आदी कॅमेरा खाली कर.
कल्लं लाल हाय ना?