गोंगाटाचा परवाना

केप कोस्टच्या दफ्तरखान्यात, तिसऱ्या मांडणीवर,
वाळवीनं कडा कुरतडलेल्या फायलीत
जिल्हा कमिशनरची सही आहे, शाई अजून निळी:
'अनोमाबो. फिरत्या मंडळीस
रात्री दहापर्यंत गोंगाट करण्यास परवानगी.
ढोल दोन, कर्णा एक. शुल्क पाच शिलिंग.'
नाटक हा शब्द फायलीत एकदाच येतो.
गोंगाट चौदा वेळा. मी मोजले.

पान स्कॅन केलं, तर यंत्रानं रकाने पुढं केले.
लेखक?
संहितेची भाषा? एकच निवडा.
रिकामं सोडलं की रकाना लाल होतो,
वर्गात फान्टे बोलली म्हणून
आईच्या गळ्यात दिवसभर लटकलेल्या
पाटीसारखा.

संहिता नव्हतीच.
होती एक टेप, कुण्या रेडिओवाल्यानं भरलेली,
खाऱ्या हवेत फुगलेली.
मी ती सोडवली, धुतली, यंत्राला पाजली.
यंत्र म्हणालं: आवाज एकोणतीस टक्के,
बाकी गोंगाट. काढू?
मी म्हटलं, काढ.

मी, एकुआ.
जिच्या प्रबंधात 'वसाहतमुक्त' हा शब्द
दोनशे सहा वेळा आहे,
आणि ज्यासाठी परदेशात एका थंड सभागृहात
माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती.

स्वच्छ टेप घेऊन पा क्वेसी मेन्सिमांकडे गेले.
वय एक्क्याण्णव. एका डोळ्यात मोतीबिंदू.
ओठांभोवती पांढरा रंग लावून
तेरा वर्षं विधवेचं काम करायचे.
'विधवा झालो हजारदा,' म्हणाले, 'लग्न मात्र एकच.'
मी हेडफोन त्यांच्या कानांवर ठेवले.

आगो! टेपमधली विधवा दार ठोठावते.
शांतता.
आगो!
शांतता, धुतलेली, इस्त्री केलेली.
म्हातारा हेडफोन काढून म्हणाला,
'ही कुणाच्या दारात उभी आहे, पोरी?
त्या घरातली माणसं मेली का?'

घरी परतले नाही.
त्यांच्याच ओसरीवर, मच्छरांत बसून,
काढलेलं सगळं परत घातलं:
खरखर, समुद्र, कुणाचं तरी रडणारं मूल,
कोंबडा (रात्री नऊला? हो, नऊलाच),
बाकड्यांचं कुरकुरणं.

आगो!
आमे!
चारशे गळ्यांतून, एकदम, आमे!
आणि त्यावरून एक बाई, मासे विकून घसा फाटलेली:
'आत येऊ नकोस! दीर दाराआड उभा आहे!'

पा क्वेसी हसत सुटले, खोकला लागेपर्यंत.
'अज्वा! भिंतीवर बसायची, तिकीट कधी काढलं नाही.
शेवटी मी विहिरीत उडी मारायचो.
हिनं त्या रात्री मारू दिली नाही.
ओरडत राहिली, ओरडत राहिली,
मग मी दिराची होडी घेऊन निघून गेलो.
पुढं प्रत्येक गावात होडीच.'
'आणि विहीर?'
'विहीर आम्ही विकून टाकली.'
हे खरं की थट्टा, कळलं नाही. विचारलंही नाही.

लेखकाच्या रकान्यात मी लिहिलं:
अज्वा, मासेवाली, भिंतीवरची.
यंत्रानं आडनाव मागितलं.
मी पुन्हा अज्वा लिहिलं.
ते लाल झालं, आणि तसंच आहे अजून.
संचालकांचं पत्र आलंय, उत्तर द्यायचंय.

आणखी एक गोष्ट आहे, ती कुठं नोंदवावी कळत नाही.
टेपवर अमुक एका जागी
पोलिसाची शिट्टी ऐकू येते.
म्हणजे दहा वाजले, परवाना संपला.
क्षणभर सगळं गप्प होतं.
मग कुणीतरी, बहुधा मूलच,
शिट्टीची हुबेहूब नक्कल करतं,

आणि त्यानंतर वीस मिनिटं, न थांबता,
माणसं हसत राहतात.