सेल्फ घेते

सहा वाजून पाच. पाथर्डी फाटा.
निफाडची थंडी वाट चुकून आमच्या गल्लीत मुक्कामाला.
मागे इडलीच्या पिठाचे अकरा डबे, गोणपाटात गुंडाळलेले.
रोज दहा असतात. आजपासून अंबडचं कँटीन.
चावी फिरवली.
खिर्रर्र. खिर्रर्र. खिर्रर्र.
आवाज ठणठणीत, तालमीतून आलेल्या पोरासारखा,
पण इंजिन धरेना.

फोन वाजला: काकू, कुठवर आलात?
निघालेच, म्हटलं.
असं म्हणणारं माणूस घरातच असतं.

मुनाफभाई वडाळा नाक्यावरून लुनावर आले,
कानटोपी, तिच्यावर मफलर, त्याच्यावर हेल्मेट.
"बॅटरी चांगली आहे," मी म्हटलं, "सेल्फ घेते."
"घेते ते कोपऱ्यावरच ऐकू आलं.
आता हात लावू नका, नाहीतर तीही बसेल."

ओम्नीचं इंजिन सीटच्या पोटात.
सीट उलटवली की गाडी लाजल्यासारखी दिसते.
आधी पेट्रोल. काटा अर्ध्यावर,
पण तो दोन वर्षं अर्ध्यावरच आहे,
त्याच्या शब्दावर मी कुठे जात नाही.
टॉर्च धरायला लावला कार्बोरेटरच्या घशात.
दाबा. सोडा. दाबा.
बारीक धार उडाली.
"येतंय की. उलट ओव्हर झालंय तुमच्या घाईनं."

मग प्लग. काळा, ओला, नाकाला झोंबणारा.
पुसला, वायरीत खोचला, बॉडीला टेकवला.
"मारा."
मी चावी मारली, मान वाकडी करून बघत राहिले.
निळी ठिणगी हवी होती, मोहरीएवढी.
अंधार होता तेवढाच राहिला.

डेल्कोचं झाकण काढलं, फुंकलं, बाहीला पुसलं. तडा नाही.
पॉइंट घासले. पुन्हा मारा. नाही.
कॉइलला टेस्ट लॅम्प लावला. बल्ब लागेना.

थकली असेल हो, मी म्हटलं, सत्तावीस वर्षांची आहे.
मुनाफभाई चिडलेच.
"थकली म्हणजे काय?
थकणं कुठल्या वायरीत असतं, दाखवा मला."

आणि ते वायर चाचपत निघाले,
दळण सांडलेल्या वाटेनं मुंगी जाते तसे.
कंपनीच्या रंगांत एक पोपटी वायर,
टेप वाळून कडक, गाठ कुणाच्या तरी हातची.
ती मॅटखाली गेली, माझ्या सीटमागे वळली,
अकराव्या डब्यापाशी संपली.
तिथे बटण. झिरोच्या दिव्याला असतं तसलं.
डबा सरकवताना मीच दाबलेलं.

"चोरबटण," ते म्हणाले. "तुम्हाला माहीत नव्हतं?"
आठ वर्षं मी त्याच्यापुढे बसत होते.

आरसी बुकात माझ्याआधी तीन नावं.
सिन्नरचे खांदवे. देवळाली कॅम्पचा डिमेलो.
द्वारकेच्या एक बाई, शाईत पाणी गेल्यानं आडनाव नसलेल्या.
ह्यांतलं कुणीतरी रात्री उठून
खिडकीतून गाडी बघत असणार.
कुणीतरी दोन मीटर पोपटी वायर मागितली असणार दुकानात,
आणि गाडी विकताना सांगायचं राहिलं.
किंवा राहू दिलं.

बटण वर केलं. चावी फिरवली.
खिर्र, आणि धरलं.

"काढून टाकू?" पोपटी वायर त्यांच्या बोटाला गुंडाळलेली.
मी बोलले नाही. इंजिनचा आवाज ऐकत होते.
टेपचे वीस रुपये घेतले, वर एक किलो पीठ.
अंबडला सात पंचवीस.
गेल्या गेल्या झाकणं उघडली:
गाडी उशिरा उठली तरी पीठ वेळेवर उठलं होतं.

त्या रात्री कुत्री भुंकली आणि मी खिडकीशी गेले.
आधी कधी गेले नव्हते.
ओम्नी जागेवर. नंबरप्लेटवर दव.

आता हे तुम्ही वाचलंत, म्हणून सांगते:
सीटमागे शोधू नका.
रविवारी मुनाफभाईंना बोलावून
मी ते दुसरीकडे बसवून घेतलंय.