जागा

इंटरव्ह्यूत विचारलं, तुम्ही नक्की करता काय?
म्हणाले, ऑक्साइडमधून ऑक्सिजनचा एक अणू काढते.
कशाने?
कीबोर्डने.
कुणीतरी हसलं. चहा आला.
जागा भरली, दुसऱ्या कुणीतरी.

तेव्हापासून कॉलेज रोडला, तासिका तत्त्वावर.
दुपारी वर्गात ओहमचा नियम,
रात्री सातपूरच्या खोलीत लॅपटॉप.
पुण्याच्या महासंगणकाच्या रांगेत
माझं गणित एकशे चौदावं.
भिंतीपलीकडे प्रेस शॉपची तिसरी पाळी,
दर चार सेकंदांनी पत्र्यावर एक घाव.
मी घाव मोजते. ऊर्जा उतरत जाते
दशांशाच्या पाचव्या घरापर्यंत,
आणि तिथेच हट्टाला पेटते.

घरमालक तांबटकाका चिंचेने घंगाळ घासतात.
"तुझं ते ऑक्साइड म्हणजे हेच ना, हे काळं?"
हेच, काका.
"मग आम्ही जन्मभर जे पुसलं
ते तू मांडून बसलीस की गं!"

आज पहाटे पारा सहावर,
आणि गणित जुळलं.
झिंक ऑक्साइडमधला एक अणू निघाला.
त्याच्यामागचे दोन इलेक्ट्रॉन मात्र
गेलेच नाहीत कुठे.
रिकाम्या जागेतच राहिले, दाटीवाटीने,
आणि आलेखाच्या निषिद्ध पट्ट्यात,
जिथे काहीच असायला नको,
तिथे एक बारीक रेघ.

काकांना दाखवली. चष्मा पुसून म्हणाले,
"ओरखडा दिसतोय."

साडेसातचा तास आहे.
स्वेटर, खडू, स्कूटीची किल्ली.
हजेरीच्या वहीत माझं नाव
अजून पेन्सिलनेच.