पाण्याची पातळी

दिवसभर उद्यमनगरात ओतकामाच्या पावत्या जुळवते मी
आणि रात्री, राजारामपुरीच्या आठव्या गल्लीत,
नोटांच्या ॲपमध्ये जगाच्या पावत्या.

सगळं एकाच वहीत आणलंय.
वर्तमानपत्रं सात, पॉडकास्ट चौदा,
व्हिडिओंचे चॅनेल मोजायचं सोडून दिलंय.
एक बाई मोडकी घड्याळं उघडते.
एक पोरगा नुसतं गुऱ्हाळ दाखवतो, बोलत नाही,
काहिलीत रस उकळतो, वीस मिनिटं, संपला व्हिडिओ.
प्रत्येकाची एक नोट,
आणि वरच्या कोपऱ्यात न पाहिलेल्यांचा आकडा.

तो चढतो.
आपल्याकडं चढत्या आकड्याची भीती निराळी असते.
म्हणून माप घेतलं ते गावचंच:
एकोणचाळीस म्हणजे इशारा, त्रेचाळीस म्हणजे धोका.
एकोणचाळीसला चहाचं आधण ठेवते आणि छाटायला बसते.
धोक्याची रेघ कधी गाठू दिली नव्हती.

आणखी एक नियम केला होता, हौसेनं:
दहा दिवस जो गप्प, तो आपोआप यादीबाहेर.

यादीत होते हिंदुराव खोत, प्रयाग चिखलीचे.
रोज एक मिनिट. नातवानं लावून दिलेलं.
घाटाच्या पायऱ्यांवर त्यांनी स्वतः ओढलेले तेलरंगाचे पट्टे,
त्यांवर नजर ठेवून सांगायचे:
“रामराम. आज पाणी तेरा फूट दोन इंच हाय.
म्हशीनं वैरण खाल्ली. ठेवू का?”

ऐन फेब्रुवारीत नदीची पातळी कोण ऐकतं?
मी ऐकायची, दात घासताना,
म्हणजे ऐकायची असंही नाही,
नळ सुरू असायचा, ते सुरू असायचे.
एकदा म्हणाले, “काल मोजायचं ऱ्हायलं, पावण्यांकडं गेलतो.
अंदाजानं सांगतो...
न्हाई. अंदाजानं न्हाई सांगत. ठेवू का?”

ते कधी थांबले, कळलंच नाही.
आकडा नीट होता, घर नीट होतं.

मग परवा गंगावेशीत, दुधाच्या कट्ट्यावर,
पेला हातात, फेस ओठाला,
समोरच्या म्हशीनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं
आणि मनात आलं: हिनं वैरण खाल्ली असंल का?

पेला तसाच ठेवला.
गाडीवरच, एका पायावर, वही उघडली.
हिंदुराव खोत. यादीतून काढले.
कारण: शांतता.
खाली माझ्याच नियमाचा क्रमांक.

घरी येऊन शोधत बसले.
सत्तरीचा माणूस, नदीकाठ, शांतता.
नको नको ते शोधपेटीत टाइप केलं आणि पुसलं.
साडेदहाला सापडलं:
नातवानं फोन बदलला होता, पत्ता बदलला होता,
म्हातारा रोज बोलत होता,
मीच जुन्या दाराशी कान लावून होते, आणि मग तोही काढला.

नवा पत्ता चिकटवला.
वरचा आकडा दोन होता.
एका दमात त्रेचाळीस झाला.

चहा ठेवला नाही. छाटलं नाही.
एक्केचाळीस रामराम ओळीनं ऐकले.
बारा फूट अकरा. बारा फूट नऊ. बारा फूट नऊ.
एका दिवशी नुसता पंपाचा आवाज आणि श्वास,
बटण बंद करायचं विसरलेले.
एका दिवशी खोकला, पातळी, खोकला.
आणि दर मिनिटाच्या शेवटी, कुणाला कोण जाणे,
“ठेवू का?”
सातव्या-आठव्यापासून मी मोठ्यानं म्हणू लागले: ठेवा.
शेजारच्या खोलीतून आई म्हणाली, कुणाचा फोन गं एवढ्या रात्री?

अडीच वाजता शेवटचं मिनिट.
“पाणी बारा फूट चार. म्हस व्याली.
रेडकू हुबं ऱ्हायलं. ठेवू का?”

नियम खोडला नाही, त्याच्याशेजारी एक नाव लिहिलं.
मग त्यांच्या नोटेत, पहिल्यांदाच माझ्या हातची ओळ:
बारा फूट चार. उभं राहिलं.

आकडा परत दोनवर.
दोन्ही गुळाच्या भावाचे. असू देत.

ठेवा, म्हटलं, आणि लगेच:
अहो थांबा,
रेडी झाली की रेडा?