स्लिवेनहून परतताना

त्रिएस्तेहून निघालो तेव्हा मागच्या सीटवर मी होते
आणि माझ्या शेजारी कोणीच नव्हतं,
पट्टा लावून बसवलेलं.

बाबांनी आदल्या रात्रीच ती लहान खुर्ची गाडीत आवळली होती.
तिच्यावरचं प्लास्टिक आईनं काढू दिलं नाही.
दर वळणावर ते चुरचुरायचं.
मी अकरा वर्षांची. मला वाटे,
हा तर आत्तापासूनच कुरकुरतोय.

स्लोव्हेनिया झोपेत गेला,
क्रोएशियात उकडलेली अंडी खाल्ली.
सर्बियाच्या नाक्यावरच्या माणसानं पासपोर्ट मोजले, तीन.
मग वाकून खुर्चीकडे बोट केलं.
बाबा इटालियनमध्ये काहीबाही बोलले, आई जर्मनमध्ये,
मी हातांनी पाळणा हलवून दाखवला
आणि मलाच लाज वाटली,
चार वर्षांचा होता तो, पाळण्यातला नव्हे.
माणूस हसला नाही.
शिक्का मात्र त्यानं हलकेच मारला.

स्लिवेनमध्ये वारा.
गावामागचे निळसर कडे उतरून यायचा
आणि बालगृहाचं फाटक दिवसभर उघडत मिटत बसायचा.
आत कोबीचा वास. भिंतीवर खुंट्या,
खुंटीवर नावाच्या जागी चित्र:
बदक, छत्री, किल्ली, नासपती.
ओग्न्यान नासपती होता.

आईबाबा त्याला वसंतात भेटून गेले होते.
मी पहिल्यांदाच बघत होते.
फोटोत नव्हतं ते दिसलं: कानामागचा व्रण,
आणि उभं राहायची तऱ्हा,
बसथांब्यावर उभ्या असलेल्या म्हाताऱ्यासारखी.

मोठी माणसं सह्यांना आत गेली.
दुभाषी स्वेताना फोन घेऊन बाहेर.
वाटेत पाठ केलेला एकच शब्द माझ्याकडे होता.
‘एला?’ मी विचारलं. येतोस?
त्यानं माझ्याकडे पाहिलं
आणि मान हलवली, डावीकडे, उजवीकडे,
पुन्हा डावीकडे. सावकाश.
नीट विचार करून.

मी कोणाला सांगितलं नाही.
आतून शिक्क्यांचे आवाज येत होते, ठक, ठक.
आई हसत बाहेर आली, नाक लाल झालेलं,
आणि मी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली,
सोडून पुन्हा बांधली.

अंगावरचे कपडे बालगृहाचे, ते तिथेच ठेवायचे असतात.
आईनं आणलेला स्वेटर त्याला दोन बोटं मोठा झाला.
पण मुठीतला चमचा तो सोडेना.
साधा, पत्र्याचा, दांडा वाकलेला.
लेल्या पेन्कानं मुठीकडे पाहिलं,
मग खिडकीबाहेर,
आणि बाकीचे चमचे न मोजताच खणात लोटले.
निरोप द्यायला ती फाटकापर्यंत आली नाही.

सोफियाच्या रस्त्यावर एका पेट्रोलपंपाशी थांबलो.
गल्ल्यावरच्या बाईला बाबांनी खुणेनं विचारलं, कॉफी आहे?
तिनं मान हलवली. डावीकडे, उजवीकडे.
बाबा वळले,
तोवर तिनं कप काढून नळाखाली धरलासुद्धा.

त्या कपातून निघणारी वाफ मला अजून आठवते.
मी धावत गाडीकडे आले.
प्लास्टिक अर्धंमुर्धं फाटलेलं, त्यात तो झोपलेला,
चमचा हनुवटीखाली.
मला ओरडून सगळ्यांना सांगायचं होतं
पण काय सांगणार, त्यांना तर काही चुकलंय हेच माहीत नव्हतं.

रात्री तो रडला. लेल्या, लेल्या.
हॉटेलच्या खोलीत आम्ही तिघं जागे
आणि त्या शब्दाचं करण्यासारखं
कोणाकडे काही नव्हतं.

आता तो बंदरावर क्रेन चालवतो.
बोरा सुटतो, अख्खं त्रिएस्ते दारंखिडक्या लावून घेतं,
तेव्हा हा खिडकी फटभर उघडी ठेवून गाढ झोपतो.
हो म्हणताना मान खाली वर करतो, आमच्यासारखी.

त्या दिवशी त्याला काय कळलं होतं?
एका अनोळखी मुलीचा एक शब्द,
पुढे किती किलोमीटर, किती हिवाळे, कुठली भाषा,
चार वर्षांच्या मुलानं त्याला हो म्हणून काय म्हणावं.

कधीतरी विचारीन म्हणते.
चमचा आमच्या खणात आहे, इतर चमच्यांत,
आणि कोणी साखर घ्यायला तो उचलला
की ओग्न्यान काहीच बोलत नाही,
नुसता
परत मिळेपर्यंत बघत राहतो.